सबनीसांनी बदललेला शेवट

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये मोरेश्वर सबनीसांना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडलाच, तर तो गेल्या आठवड्यात विमानातून उतरलेला असणार, आणि येत्या गुरुवारपर्यंत त्याचीही ओळख होणार. कारण गुरुवारी दुपारी सबनीस आपली जुनी मिनीव्हॅन काढतात आणि दारोदार फिरून म्हातारी माणसं गोळा करतात. ही माणसं म्हणजे मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. मुलगा-सून सकाळी प्रिन्स्टन जंक्शनवर गाडी पकडून न्यूयॉर्क गाठतात, नाहीतर वरच्या खोलीचं दार लावून मीटिंगला बसतात. नातवंडं शाळेत. गाडी चालवता येत नाही, पायी जाण्याजोगं जवळ काही नाही. खिडकीतून बघावं तर समोरच्या लॉनवर एक खार, आणि तीही घाईत. अशा माणसांना सबनीस लायब्ररीत नेतात आणि जुने इंग्रजी सिनेमे मराठीत सांगतात.

सांगतात म्हणजे खरोखरच सांगतात. लायब्ररीने त्यांना मागची छोटी खोली दिलेली आहे. पडद्यावर सिनेमा, आवाज बारीक, आणि डाव्या कोपऱ्यात उंच स्टुलावर हातात माइक घेऊन सबनीस. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं येतात, पण ती वाचून होईपर्यंत नायिका दुसऱ्या खोलीत गेलेली असते. म्हणून हा उद्योग. समोर सुनेचा कोट, मुलाचे बूट आणि नऊवारी-पाचवारी अशा वेषात आज्या बसलेल्या असतात, त्यांच्यामागे कानटोपी न काढणारे आजोबा.

गोरी नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून सबनीस सिनेमातल्या सगळ्यांचं आधी बारसं करून टाकतात. नायिका वल्लरी, नायक शिव, खलनायकालाही असंच एखादं नाव. एकदा हे झालं की आज्या त्या सोनेरी केसांच्या बायकांना भाचीसारखं वागवायला लागतात. ‘‘वल्लरीला म्हणावं, स्वेटर घाल आधी,’’ असं कुणी तरी पडद्याकडे बघून म्हणतं.

या कामात सबनीसांचा एक कडक नियम होता. पदरचं काही घालायचं नाही आणि पडद्यावरचं काही गाळायचं नाही. एका सिनेमात मुलगा दारूच्या नशेत बापाला नको नको ते बोलतो. तिथेही त्यांनी ते सगळं शब्दन् शब्द सांगितलं आणि वर, ‘‘हे मी फक्त सांगतोय, मला पटलेलं नाही,’’ अशी पुस्ती जोडली. ज्यांना कळत नाही त्यांच्याशी तर जास्तच खरं बोलावं, असं त्यांचं म्हणणं. हा नियम त्यांनी एकदाच मोडला. तो का मोडला, ते सांगायचं तर त्यांच्या आयुष्यात थोडं मागे जावं लागेल.

सबनीस मूळचे साताऱ्याचे. वडील पोस्टात. सांगलीला इंजिनिअर झाले, मुंबईत नोकरी लागली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका विमा कंपनीचे जुने प्रोग्रॅम सांभाळायला न्यू जर्सीत आले ते इथलेच झाले. बरोबरचे लोक कंपन्या बदलत बदलत पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला पोचले, मॅनेजर झाले, व्हाइस प्रेसिडेंट झाले. सबनीस जिथे होते तिथेच राहिले. ज्या प्रोग्रॅमला हात लावायला कोणी धजत नसे तो त्यांच्याकडे यायचा आणि ते तो मुकाट्याने दुरुस्त करायचे. त्यांच्या निवृत्तीच्या पार्टीत साहेबांनी त्यांना ‘आमचा रिलाएबल माणूस’ म्हटलं. सबनीसांनी टाळ्या वाजवल्या. रिलाएबल हा शब्द त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. दुसरं काही शिल्लक नसेल तेव्हा लोक आपल्याला घेतात, असा त्याचा त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावलेला होता.

आणि हे बोचरं खूळ नोकरीतून आलेलं नव्हतं. ते आलं होतं थेट लग्नाच्या मांडवातून.

सबनीसांच्या पत्नी मीनाक्षीताई ठाण्याच्या. हुशार, दिसायला छान, बोलायला फटकळ. इथल्या मिडल स्कूलमध्ये गणित शिकवून नुकत्याच रिटायर झाल्या. लग्नाच्या दिवशी नवरदेव सबनीस मुंडावळ्या सावरत बसले असताना मागच्या रांगेतली एक मावशी दुसरीला म्हणाली होती, ‘‘मीनूचं त्या पुण्याच्या हेमचंद्र खारकरशी अगदी ठरल्यातच जमा होतं हो. पण पत्रिका आडवी आली.’’

झालं. सबनीस त्याच क्षणी काय ते समजले. त्यांच्या स्वतःच्या आईने त्यांच्यासाठी आलेल्या दोन मुलींना ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप पाठवला होता, आणि त्या दोन्ही पत्रिका पाकिटातून बाहेरसुद्धा काढल्या नव्हत्या. मुलगी पसंत नाही असं तोंडावर सांगता येत नाही, म्हणून ग्रहांच्या डोक्यावर खापर फोडायचं, ही आपल्याकडची रीत. आणि नाही म्हणणारे ते मुलाकडचे, हेही सबनीसांनी धरूनच चाललं. म्हणजे खारकरांनी मीनाक्षीला नाकारली. तिकडे मीनाक्षीच्या वडिलांना, म्हणजे भाऊंना, पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, घरच्यांना लग्नाची घाई. अशा वेळी साताऱ्याचं एक साधं, रिलाएबल स्थळ समोर आलं आणि ते पत्करलं गेलं. हिशोब सरळ होता. पुढे ठाण्याच्या घरी जुन्या अल्बममध्ये त्यांनी हेमचंद्रचा फोटोही पाहिला. दोन्ही घरांची आधीपासून ओळख होती, म्हणून तो तिथे होता. फोटोत हेमचंद्र उंच, कुरळ्या केसांचा, एकांकिका स्पर्धेत बक्षीस घेताना. सबनीसांनी पान उलटलं आणि पुन्हा तो अल्बम हातात घेतला नाही.

इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. आता हे वाचून कोणी म्हणेल, एवढीशी तर गोष्ट, विचारून टाकायची. म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या घरी विचारून बघावं.

तसा संसार चांगला झाला. मुलगी राधिका झाली, शिकली, बेलव्ह्यूला गेली. नातू कबीर फोनवर सगळ्याला ‘‘आय नो, आजोबा’’ म्हणतो. मीनाक्षीताई नवऱ्यावर तोंडसुख घेतात आणि त्याच्या खोकल्यासाठी काढाही उकळतात. पण कधी त्या खिडकीशी उगाच उभ्या राहिल्या, कधी एखादं जुनं नाट्यगीत गुणगुणल्या की सबनीसांना तो फोटो आठवायचा. आपण हिच्या आयुष्यात दुसऱ्या नंबरचे आहोत, आणि हिने ते कधी बोलून दाखवलं नाही हा हिचा चांगुलपणा, असं त्यांना वाटायचं. चांगुलपणाचंच ओझं व्हायचं.

तर तो मार्चमधला गुरुवार. पार्किंग लॉटच्या कडेला घाण झालेल्या बर्फाचे ढीग अजून होते. सबनीसांनी सिनेमा निवडला होता प्रेमाच्या त्रिकोणाचा, काळापांढरा, आज्यांना आवडेलसा. नियमाप्रमाणे आदल्या दिवशी स्वतः एकदा बघून ठेवला होता. समुद्रकाठच्या गावात टोप्यांचं दुकान चालवणारी वल्लरी. तिचं पहिलं प्रेम अवधूत, पियानो वाजवणारा, केस कपाळावर आलेले. तो नाव कमवायला युरोपात जातो आणि परत येत नाही. मग शेजारच्या औषधांच्या दुकानातला शिव, चष्मेवाला, सज्जन. वर्षानुवर्षं तो वल्लरीच्या दुकानासमोरचा बर्फ साफ करत राहतो, शेवटी लग्न ठरतं. आणि लग्नाच्या तोंडावर अवधूत परत येतो. शेवट काय, तर वल्लरी अवधूतबरोबर बोटीतून निघून जाते आणि शिव धक्क्यावर तिची टोपी हातात धरून उभा राहतो. बघताना सबनीसांना जरा जड गेलं होतं. पण सिनेमा तो सिनेमा.

मंडळी स्थिरस्थावर झाली. मीनाक्षीताईंनी चहाचा मोठा थर्मास आणि चिवड्याचा डबा मागच्या टेबलावर ठेवला. पहिल्या रांगेत नागपूरच्या रेणूमावशी बसल्या, ज्यांना प्रत्येक प्रसंगात शंका असते. त्यांच्या बाजूला विष्णूपंत, ज्यांना कशातच शंका नसते आणि जे मध्यंतरापर्यंत झोपतात. इतक्यात दार उघडून एक नवे गृहस्थ आत आले. उंच, पांढरे पण दाट कुरळे केस, गळ्यात मफलर. त्यांना सोडायला आलेला तरुण, ‘‘बाबा, आय विल पिक यू अप ॲट फोर,’’ म्हणून निघून गेला.

नव्या माणसाने उभं राहून आपली ओळख सांगायची अशी इथली पद्धत. गृहस्थ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘नमस्कार. मी हेमचंद्र खारकर, पुण्याचा. मुलगा ईशान इथे रिसर्चमध्ये आहे. मिसेसना जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून यंदा पोराने हट्टाने आणलं.’’

सबनीसांच्या हातातला माइक कुरकुरला.

‘‘अगं बाई, हेमचंद्र!’’ मागून मीनाक्षीताई म्हणाल्या. ‘‘ओळखलंत का? मी मीनाक्षी, ठाण्याची.’’

खारकर वळले. क्षणभर बघत राहिले, मग त्यांचा चेहरा उजळला. ‘‘काय सांगता! मीनाक्षी? तुम्ही इथे?’’ आणि ते सरळ मागे जाऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. ‘‘हे माझे मिस्टर,’’ मीनाक्षीताईंनी स्टुलाकडे बोट दाखवलं. खारकरांनी तिथूनच हात जोडले. सबनीसांनीही जोडले, माइकसकट.

सिनेमा सुरू झाला. सबनीस सांगत होते, पण त्यांचा एक डोळा पडद्यावर होता आणि एक मागच्या रांगेवर. मागे दोघं हळू आवाजात बोलत होते. मीनाक्षी हसत होती. अशी तोंडावर पदर धरून हसलेली त्यांनी तिला कधी बघितली होती, ते त्यांना आठवेना. पडद्यावर अवधूत पियानो वाजवत होता. ‘‘काय देखणा आहे,’’ रेणूमावशी म्हणाल्या, आणि सबनीसांच्या अंगाची लाहीलाही झाली.

मग शिव आला. ‘‘हा कोण?’’ रेणूमावशींनी विचारलं. ‘‘हा शिव. अत्यंत चांगला माणूस आहे,’’ सबनीस म्हणाले. मूळ सिनेमात असं कोणी म्हणत नाही. पदरचं घालायला इथून सुरुवात झाली. पुढे शिव नुसता ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला तर सबनीसांनी त्याच्या तोंडी दोन समजूतदार वाक्यं घातली. अवधूतने युरोपात काय सोसलं ते सांगणारं लांबलचक भाषण केलं, त्याचं सबनीसांनी ‘‘काहीतरी सबबी सांगतोय,’’ एवढ्यात वाटोळं केलं. विष्णूपंत जागे झाले.

आणि आला शेवटचा प्रसंग. धक्का, धुकं, बोट. वल्लरी धावत येते. सबनीसांना पुढचं सगळं पाठ होतं. त्यांनी मागे बघितलं. मीनाक्षीताई पुढे वाकून एकटक पडद्याकडे बघत होत्या. आणि या माणसाला, ज्याने त्या दुपारपर्यंत आयुष्यात कधी एका ओळीची लबाडी केली नव्हती, ते वाक्य उच्चारवेना. ‘मी तुझीच होते आणि आहे,’ असं वल्लरी अवधूतला म्हणत होती. सबनीस घसा साफ करून म्हणाले, ‘‘ती म्हणतेय, आता तुझा रस्ता वेगळा आणि माझा वेगळा.’’

‘‘मग मिठी कशाला मारतेय?’’ रेणूमावशी.

‘‘निरोपाची आहे. यांच्यात असतं तसं.’’

‘‘अहो, ती बोटीत चढली!’’

‘‘त्याचं सामान ठेवायला.’’

‘‘बोट सुटली की!’’

‘‘पुढच्या धक्क्यावर उतरेल. तिथून बस असते.’’

‘‘आणि हा चष्मेवाला रडतोय कशाला?’’

‘‘आनंदाने,’’ सबनीस म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला. ‘‘ती परत येणार म्हणून.’’

पडद्यावर अक्षरं आली, दिवे लागले. विष्णूपंतांनी समाधानाने मान डोलावली. ‘‘चांगला शेवट. बाई समंजस निघाली.’’ रेणूमावशी मात्र संशयाने पांढऱ्या पडद्याकडे बघत होत्या. मागच्या रांगेत दोन माणसं अशी होती ज्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. त्यातल्या एकाचे खांदे हलत होते. दुसरी व्यक्ती हसत नव्हती. ती सबनीसांकडे बघत होती, मुलाने साधी बेरीज चुकवल्यावर शिक्षिका बघते तशी. सबनीसांना वाटलं, इथल्या कार्पेटने आपल्याला पोटात घ्यावं.

चहा सुरू झाला. सबनीस वायर गुंडाळत उगाच कोपऱ्यात रेंगाळले. एकच वायर त्यांनी दोनदा गुंडाळली. इतक्यात कागदी कप घेऊन खारकर त्यांच्यापाशी आले.

‘‘सबनीस, शेवट मात्र तुम्ही झकास फिरवलात,’’ ते म्हणाले. ‘‘पुढच्या धक्क्यावर बस काय! मी नाटकं केली हो, पण हे आपल्याला जमलं नसतं.’’

‘‘ते जरा... मंडळींना वाईट वाटेल म्हणून,’’ सबनीस पुटपुटले.

‘‘बरं केलंत. मलाही तो चष्मेवालाच आवडला.’’ खारकरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘‘एक विचारू का? रागावणार नाही ना? तुम्ही त्यांचे मिस्टर, तुम्हालाच विचारावं म्हणतो. त्यांना विचारायला मला संकोच वाटतो.’’

सबनीस तीच वायर तिसऱ्यांदा गुंडाळायला लागले. आलं, त्यांना वाटलं, इतकी वर्षं जे टाळलं ते आता चिवडा खाता खाता समोर आलं.

‘‘मीनाक्षींनी मला नकार का दिला, हे त्या तुम्हाला कधी बोलल्या का?’’

सबनीसांनी वायर खाली ठेवली. ‘‘कुणी कुणाला नकार दिला?’’

‘‘त्यांनी मला. तुम्हाला माहीत नाही?’’ खारकर ओशाळले. ‘‘म्हणजे, आमच्याकडून होकार कळवलेला होता हो. साखरपुड्याची तारीख काढायची बाकी होती. माझ्या आईने हौसेने पत्रिका दोन ज्योतिषांना दाखवलेल्या, उत्तम जुळत होत्या. आणि आठवड्यात ठाण्याहून निरोप, पत्रिका जुळत नाही! आई म्हणाली, अरे, तुझी पत्रिका तर आपल्याच कपाटात आहे, त्यांनी बघितली कधी? मग कळलं काय ते. मुलीला मी नको होतो.’’ त्यांनी चहाचा घोट घेतला. ‘‘पुढे माझं सगळं छान झालं बरं का. माझी मिसेस फार चांगली होती, तिच्याशी मी हे बोलायचोसुद्धा आणि ती हसायची. पण तेवढं एक कोडं राहून गेलं. माझं काय चुकलं? तेव्हा मला वाटायचं मला कोणी नाही म्हणूच शकत नाही.’’

सुटका ही काय चीज असते ते सबनीसांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. खांद्यावर पोतं घेऊन चालत राहावं आणि कुणीतरी मागून येऊन म्हणावं, अहो, हे तुमचं नाहीच, तसं काहीसं. समोरचा माणूस उंच होता, देखणा होता, त्याचा आवाज अजूनही खणखणीत होता, आणि त्याच्याबद्दल सबनीसांना एकदम अपार माया वाटली.

‘‘तुम्ही चिवडा घेतलात का?’’ ते म्हणाले. ‘‘घ्या ना. अजून घ्या. आणि दर गुरुवारी यायचं. ईशानला त्रास नको, मी स्वतः गाडी घेऊन येईन न्यायला.’’

त्या संध्याकाळी मिनीव्हॅनमध्ये सबनीस शीळ घालत होते. विष्णूपंतांना उतरवलं, मग इतरांना. शेवटी रेणूमावशी उतरल्या. दार लावता लावता त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, एक सांगू का जी? ती काही बसने परत आली नाही. आमच्या नागपूरला थेटर होतं, आम्हालाही कळतं थोडंफार.’’ आणि त्या सुनेचा कोट सावरत आत निघून गेल्या.

गाडीत दोघंच उरले. घरापाशी आल्यावर सबनीसांनी ड्राइव्हवेवर गाडी उभी केली, पण बंद केली नाही. मीनाक्षीताईही उतरल्या नाहीत.

‘‘बोला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मघाशी ते काय चाललं होतं? सामान ठेवायला चढली म्हणे.’’

‘‘तू खारकरला नाही म्हणालीस?’’

‘‘हो. त्याचं काय आता?’’

‘‘मला वाटत होतं, त्याने तुला नाकारलं.’’

‘‘मला?’’ मीनाक्षीताईंना भयंकर अपमान झाल्यासारखं वाटलं. ‘‘मला कोण नाकारणार होतं? कुणी सांगितलं तुम्हाला हे?’’

‘‘कुणी नाही. माझं मीच. पत्रिका म्हणाले, म्हणून...’’

‘‘अहो, तो निरोप मी पाठवायला लावला. आईने रडून घर डोक्यावर घेतलं होतं, एवढं चांगलं स्थळ घालवतेय म्हणून. तुम्ही साताऱ्याहून येणार हे आधीच कळवून ठेवलेलं, आता नको कसं म्हणायचं, म्हणून तुमचा तो बघण्याचा कार्यक्रम झाला, निव्वळ उपचार म्हणून. आणि तुम्ही गेल्यावर मी भाऊंना सांगितलं, खारकरांना नाही कळवा. मला हा हवाय.’’

सबनीसांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. ‘‘म्हणजे, दोघं समोर असताना?’’

‘‘दोघं समोर असताना.’’

‘‘पण का?’’

मीनाक्षीताईंनी जरा विचार केला. ‘‘भाऊंची जीभ जड झाली होती तेव्हा. एकेक शब्दाला किती वेळ लागायचा, आठवतं ना? पण पाहुणे आले की बोलायची त्यांना भारी हौस. हेमचंद्र आला तेव्हा भाऊंनी वाक्य सुरू केलं की तो पुढचा शब्द पटकन पुरवायचा. चांगल्या मनाने हो, आणि शब्दही बरोबर असायचे. पाच मिनिटांत भाऊ बोलायचेच थांबले. हात मांडीवर ठेवून नुसते बसले. मला ते काही केल्या विसरता येईना.’’ त्या समोर गॅरेजच्या दाराकडे बघत होत्या. ‘‘मग तुम्ही आलात. भाऊंनी विचारलं, साताऱ्यात पाणी कुठून येतं. तेवढं विचारायला किती वेळ घेतला त्यांनी! चहावर साय धरली. तुम्ही कप हातात घेऊन त्यांच्याकडे बघत बसलात. त्यांचं पुरं होईस्तोवर. मग उत्तर दिलंत आणि ते पुढचा प्रश्न जुळवायला लागले. त्या दिवशी भाऊ तासभर बोलले.’’

सबनीसांना हे असंच राहू देता आलं असतं. पण खरं बोलायची सवय जात नाही. ‘‘मीनू, मी मुद्दाम नव्हतो गं थांबलो. मला काय बोलावं तेच सुचत नव्हतं. घाम फुटला होता.’’

‘‘ते मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं,’’ मीनाक्षीताई म्हणाल्या. ‘‘तरी बरं वाटलं होतं. अजून वाटतं.’’

सबनीसांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते थांबवावं असंही त्यांना वाटत नव्हतं. अगदी सुटल्यासारखं, लहान झाल्यासारखं वाटत होतं.

‘‘एवढी वर्षं हे मनात धरून बसलात?’’ त्या म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजातला फटकळपणा गेला होता. ‘‘मला विचारायचं नाही का एकदा?’’

‘‘भीती वाटायची.’’

‘‘कसली भीती?’’

‘‘तू खरं सांगशील याची.’’

मीनाक्षीताईंनी हात पुढे करून स्वतःच गाडीची किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

‘‘मग, सांगितलं ना खरं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘चला आता घरात.’’